नळ्या धुणारा गोमाजी

आमच्या वाडीचं मुंबई मंडळ यंदा स्मरणिका काढणार आहे. तिच्यात वाडीतल्या गेलेल्या माणसांची नावं आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी येणार आहेत. त्याचा कच्चा कागद मंडळाने माझ्याकडे वाचायला पाठवला, कारण जुनं सांगणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही. गोमाजीच्या नावापुढे लिहिलं आहे, "मनमिळाऊ स्वभाव. गावकीच्या कार्यात सदैव पुढे."

तो कागद मी दोनदा टाकून दिला आणि दोनदा उचलला. मला लिहायची सवय नाही. गिरणीत असताना घरी खुशालीचं पत्र लिहीत असे, तेवढंच. कुठे चुकेल, पुढचं मागे होईल. पण गोमाजी गावकीच्या कार्यात पुढे नव्हता. गावकीने त्याला वाळीत टाकलं होतं आणि तो मेला तेव्हाही वाळीतच होता. ज्यांना हे ठाऊक होतं ती सगळी गेली, म्हणून कागदावर काहीही लिहायचं का?

आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर, डोंगरात. तीस-बत्तीस घरं. रस्त्यापर्यंत उतरायला तेव्हा पायवाट होती, मध्ये एक ओढा. आजारी माणसाला खाली न्यायचं तर जाड बांबूला घोंगडी बांधायची, माणूस तिच्यात निजवायचा आणि गावातल्या गड्यांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. त्याला आम्ही डोली म्हणायचो. कोणाच्याही घरची डोली असो, खांदा द्यायचाच, असा गावकीचा नेम होता. नेम चांगला होता. तो कोणी मोडला ते पुढे येईल.

गोमाजी आणि मी एकाच वर्षी मुंबईला गेलो, एकावन्न साली. मला गिरणीत काम मिळालं. त्याला नाही मिळालं, म्हणून तो एका मोठ्या इस्पितळात हमाल म्हणून लागला. राहायला आम्ही दोघेही गावकीच्या खोलीत. एका खोलीत वाडीचे सव्वीस गडी, पाळीने झोपायचो. येसूबाई, त्याची बायको, इकडे वाडीत शेत बघायची.

पुढे त्या इस्पितळात परदेशात शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सुरू केली. हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक, लांब नळी आत सारायची आणि थेट काळजापर्यंत न्यायची. माणूस जागा असतो. ह्या नळ्या परदेशातून यायच्या, मोजक्याच. एकदा वापरली की धुऊन दुसऱ्याला वापरायची. ते धुण्याचं काम गोमाजीकडे आलं.

मी एकदा त्याचं काम बघायला गेलो होतो. काळ्या-तपकिरी नळ्या, वेताच्या काडीपेक्षाही बारीक. तो पिचकारीने नळीतून पाणी सोडायचा, परत सोडायचा, पंधरा-वीस वेळा. मग नळी उजेडाकडे धरायची, बोटांतून सगळी फिरवून बघायची की कुठे मुडपली आहे का, चिरली आहे का. मग सरळ टांगायची आणि शेवटी औषधाच्या वाफेच्या पेटीत ठेवायची. मी विचारलं, "एवढं कशाला रे?" तो म्हणाला, "आत रक्ताचा कन ऱ्हायला तर फुडच्या मानसाच्या काळजात जाईल. मग ते मी मारलेलं मानूस." हातमोजे डॉक्टरांना असायचे. त्याचे हात उघडे.

पासष्टच्या सुमारास डॉक्टरांनी अमेरिकेहून वेगळ्या दोन नळ्या आणल्या. टोकाला रबराचा इवलासा फुगा. रक्ताची गाठ पायाच्या धमनीत जाऊन अडकली की पाय थंड पडतो, मरतो. पूर्वी तो कापायचे. ही नळी जांघेतून फुगा मिटलेला ठेवून गाठीच्या पलीकडे घालायची, मग फुग्यात पाणी भरायचं. फुगा करवंदाएवढा होतो. मग नळी हळूच मागे ओढायची, गाठ फुग्यापुढे ढकलली जाऊन बाहेर येते. गोमाजी मला हे खोलीत सुतळी आणि चिंध्या घेऊन दाखवायचा. बाकीचे हसायचे. फुगा फुटका निघाला तर सगळं फुकट, म्हणून वापरण्याआधी आणि नंतर तो पाण्यात बुडवून तपासायचा. हे काम इस्पितळात दुसऱ्या कोणाला धड जमत नव्हतं, म्हणून डॉक्टर त्याला सोडत नसत.

आणि इथूनच बिघडलं. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी निघते. पालखीला घरटी एक खांदा द्यायचा, मुंबईकरांनी त्यासाठी यायचंच. सहासष्ट आणि सदुसष्ट, दोन्ही सालं गोमाजी होळीला आला नाही. सदुसष्टला होळीच्याच दिवशी मुंबईत राहणारा एक माणूस, पाय थंड पडला म्हणून तीन तासांच्या आत इस्पितळात आला. नळीने गाठ काढली, पाय वाचला. गोमाजी रंगपंचमीला वाडीत पोचला. सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गावकी बसली होती. महिपती गावकीचा मुख्य. मी त्या बैठकीत होतो.

महिपती म्हणाला, "दोन सालं तुझ्या घरचा खांदा नाय. पालखी आमी वाऱ्याव नाचवायची काय?"

"बाबा, कामाव व्हतो."

"आमची मानसं गिरनीत, गोदीत कामाव नसतात? तू काय डाक्टर लागून गेलास?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मुताच्या नळ्या धुतो म्हनं इस्पितळात."

सगळे हसले. मीही हसलो. मला माहीत होतं तो काय धुतो, तरी हसलो.

गोमाजीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "देवाच्या पालखीला तीस खांदे हायत. त्या नळीला मी यकटा हाय. मी हितं आलो असतो तर येक मानूस लंगडा झाला असता. मी नव्हतो तर देवाचं काय अडलं?"

बस. देवाचं काय अडलं, हे शब्द धरले. चुकी कबूल करून देवापुढे दंडाचा नारळ ठेव, असं ठरलं. तो म्हणाला, "चुकी केलीच नाय तर नारळ कसला?" तेव्हा त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरात कोणी जायचं नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, दुकानातून काही विकायचं नाही, त्याच्या घरच्या कार्याला, डोलीला, मढ्याला खांदा नाही. महिपती म्हणाला, "तुझा खांदा नाय तर आमचाबी नाय." मी मान खाली घालून बसलो. मला बोलताच येत नाही बैठकीत, आजही नाही. पण बोलता येत नाही हे कारण झालं का? ह्या वयात मी ते कारण म्हणून सांगणार नाही.

येसूबाईचं हृदय आधीपासून कमजोर होतं. चढ चढताना धाप लागायची. गोमाजीने तिला मुंबईला नेऊन दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, काळजातली एक झडप चिकटली आहे, ऑपरेशन करावं लागेल, पावसाळ्यानंतर आणा. आणि गोमाजीला वेगळं सांगितलं होतं की अशा हृदयात रक्ताची गाठ धरू शकते. ती कुठे गेली तर काय होतं, ते त्याला सांगायची गरज नव्हती.

त्याच साली वैशाखात तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला. मीही आलो होतो. एके दिवशी सकाळी साडेसहाला येसूबाई चुलीपाशी बसली असताना तिच्या डाव्या पायात कळ आली आणि मग पाय गारच पडला. तिने तो चुलीतल्या ऊन राखेत घातला. पोटरीपर्यंत राख, तरी चटका कळेना. गोमाजीने बघितलं, पाय ओढून बाहेर काढला. पावलाच्या वर, घोट्याच्या मागे, गुडघ्यामागे बोटं लावली. नाडी कुठेच नव्हती. पाय पांढरा पडला होता, राखेने फोड आले होते. तो तिला म्हणाला, "शेकायचा नाय. हलायचं नाय. आपल्याला आत्ताच्या आत्ता निघायचंय."

सात वाजता तो देवळापाशी आला. पावसाच्या आधी देवळाची कौलं परतायचं काम चाललं होतं. आम्ही चौदा गडी होतो. मी शिडीवर उभा राहून वर कौलं देत होतो. वाळीत असल्यामुळे तो सहाणेवर पाय ठेवू शकत नव्हता, खालीच उभा राहिला.

"महिपतबाबा, चार मानसं द्या. येसूचा पाय मेला. रस्त्यापातूर फकस्त."

महिपती म्हणाला, "काय चावलं काय?"

"गाठ गेलीय पायात. मुंबईला नेली तर नळीनं काढता येईल. आता येळ नाय बाबा."

महिपतीने हातातलं कौल खाली ठेवलं. हे सांगायला हवं की तो दुष्ट माणूस नव्हता. कोणाचा बांध कोरला नाही, कोणाच्या बायकोकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "देतो की. चार काय, आठ देतो. आधी देवाफुडं नारळ ठेव नि चुकी कबूल कर."

आम्हा सगळ्यांना वाटलं गोमाजी आता भांडेल. तो म्हणाला, "कबूल. चुकलो. देवाचं अडलं, माझंच अडलं. नारळ मागाहून आनतो."

"मागाहून नाय. नारळ आधी, मंग वाळीत सुटतो, मंग खांदा. नेम हाय."

गोमाजी पळत कुशाबाच्या दुकानात गेला. वाडीत दुकान एकच. कुशाबा त्याला म्हणाला, "गोमा, तुला इकला तर मीच वाळीत जाईन. महिपतबाबाला इचारून ये." गोमाजी परत पळत आला. महिपती विचारात पडला. मग म्हणाला, "त्याला मी कसा सांगू? वाळीतल्या मानसाला इकायचा नाय ह्यो ठराव गावकीचाच. आपनच केलेला आपनच मोडायचा?"

"मंग नारळ मी आनू कुठनं?"

"पोलादपुरातनं आन."

ते तो चेष्टेने म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. पोलादपूरला जाऊन परत वाडीत यायला तेव्हा पाच तास लागत. वाळीतून सुटायला नारळ लागतो आणि वाळीत असलेल्याला नारळ मिळत नाही, एवढी साधी गोष्ट चौदा माणसांना दिसली नाही. किंवा दिसली आणि कोणी बोललं नाही. मला दिसली होती. माझ्या घरात आढ्याला दोन नारळ टांगलेले होते, देवाला आणलेले. शिडीवरून "माझा घे" एवढंच म्हणायचं होतं. गोमाजीने एकदा वर माझ्याकडे बघितलंही. माझ्या हातात कौल होतं. मी ते वरच्या गड्याच्या हातात दिलं.

मध्ये कुशाबाने नारळ विकावा का यावर बोलणी झाली, गुरवाला विचारायला माणूस गेला, तो शेतावर होता. ह्यात साडेआठ वाजले. मग गोमाजी निघून गेला.

थोड्या वेळाने वरून दिसलं. त्याने बांबूला घोंगडी बांधली होती, येसूबाई आत होती. बांबूचं पुढचं टोक गोमाजीच्या खांद्यावर आणि मागचं टोक प्रयागच्या. प्रयाग माझी बायको. देवळाखालून जाताना कोणीतरी ओरडलं, "अगो, डोलीला बायकांचा खांदा नसतो."

ती थांबली नाही. म्हणाली, "मग गड्यांचा खांदा दावा."

कोणी हललं नाही. मी शिडीवरून उतरायला लागलो तर महिपती म्हणाला, "रावजी, हातातली रांग तरी पुरी कर, पानी गळंल." आणि मी रांग पुरी केली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. प्रयागलाही नाही.

ओढ्यापाशी मी त्यांना गाठलं. शंभर पावलं चालायचं की डोली खाली ठेवायची, असं त्यांचं चाललं होतं. प्रयागच्या खांद्याची कातडी सोलून निघाली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अवो, या. झाली का कौलं?" मी बांबू घेतला. येसूबाई आतून म्हणाली, "भावजी, माझा पाय हाय ना जागेव? मला लागतच नाय." गोमाजी पुढून म्हणाला, "हाय. गप पडून ऱ्हा."

माझ्या मनगटावर गिरणीतल्या पगारातून घेतलेलं घड्याळ होतं. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा पाऊण वाजला होता. वाटेला पावणेचार तास लागले. घाटातून उतरणारा कोळशाचा ट्रक मिळाला, त्याने महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, इथे थांबू नका. रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला चाललेला ट्रक होता, पेट्यांवर घोंगडी टाकून तिला निजवलं. मी तिथून परत फिरलो.

पुढचं मला गोमाजीने नंतर सांगितलं, तेही एकदाच. रात्री दहाला ते इस्पितळात पोचले. डॉक्टर घरून आले. कोणती नळी घ्यायची असं विचारलं तेव्हा गोमाजी म्हणाला, "दुसरी घ्या, पहिलीचा फुगा मऊ झालाय." ती दुसरी नळी त्यानेच रजेवर निघायच्या आदल्या दिवशी धुऊन ठेवली होती. गाठ निघाली. एक वीतभर, काळी. रक्त खाली गेलं, गुडघा ऊन झाला. पण पाऊल तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी काळं पडलं आणि पाचव्या दिवशी गुडघ्याखालून पाय कापला. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी असती तर बघता आलं असतं. वाचलाच असता असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. बघता आलं असतं.

त्या रात्री येसूबाईला वॉर्डात नेल्यावर ती नळी तशीच पडली होती. दुसऱ्या कोणाला धुता येत नव्हती आणि रक्त वाळलं तर नळी वाया जाते. गोमाजीने ती धुतली. उजेडाकडे धरून, पिचकारीने, वीस वेळा. "येसूचंच रक्त रे," तो मला म्हणाला. "पन फुडच्याला नळी लागनारच ना." ज्या माणसाबद्दल तुम्ही "गावकीच्या कार्यात सदैव पुढे" लिहिलं आहे, तो हा.

डोलीला खांदा दिला म्हणून मलाही दंड झाला. चार दिवसांनी मी देवापुढे नारळ ठेवला. माझ्याकडे होता. गोमाजीला पुढे गावकीने दोनदा निरोप पाठवला की झालं गेलं विसरू, नारळ ठेव. त्याने उत्तर पाठवलं नाही. येसूबाईच्या झडपेचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, ते चांगलं झालं. कुबडी घेऊन ती वाडीत परत आली आणि वाळीतल्या त्या घरात राहू लागली. त्या हिवाळ्यात मोठा भूकंप झाला, त्यात सगळ्यांच्या भिंती तडकल्या, सगळ्यांनी एकमेकांच्या उभ्या केल्या. तिची भिंत गोमाजीने रजा काढून एकट्याने लिंपली.

एकोणसत्तरच्या माघात तो कावीळ घेऊन घरी आला. डॉक्टरांनी त्याला इस्पितळात ठेवलं होतं, पण काविळीला झाडपाल्याचं औषध घेईन म्हणून तो निघून आला. तो काविळीचा रक्ताशी संबंध लावत नव्हता. मी लावतो. उघड्या हातांनी इतकी वर्षं दुसऱ्यांचं रक्त धुतल्यावर दुसरं काय होणार होतं? नवव्या दिवशी सकाळी तो गेला. चाळीस वर्षांचाही नव्हता.

आता गावकीची पंचाईत झाली. वाडीत मढं असेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही, देवापुढे दिवा लागत नाही. वाळीतलं असलं तरी मढं ते मढं. दहा वाजेपर्यंत पोरं भुकेने रडायला लागली, तेव्हा महिपती दहा-बारा गडी घेऊन येसूबाईच्या अंगणात आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी आणि प्रयाग आधीपासून तिथे होतो.

महिपती म्हणाला, "येसू, झालं त्ये झालं. आमी खांदा देतो. नारळबिरळ काय नको."

येसूबाई कुबडीवर दारात उभी होती. तिने एकेकाकडे बघितलं.

"आज चार मानसं कुठनं आली, बाबा?"

मग तीच म्हणाली,

"मानसं घावली ता बरं झालं. उचला. पन आधी वड्याव न्यायचा नाय." मसण ओढ्याच्या वरच्या अंगाला, घरापासून हाकेच्या अंतरावर. "आधी डोलीच्या वाटनं खाली रस्त्यापातूर न्या. रस्त्याला टेकवा. मंग वर आना नि जाळा."

"अगो, असं कुठं असतं? मढं वाटनं मागं आनतात काय?"

"मग ऱ्हाऊ दे घरात. मला भूक नाय."

शेवटी महिपतीनेच पहिला खांदा दिला. येसूबाई मला म्हणाली, "भावजी, तुमी घड्याळ घेऊन संगती जा."

आम्ही निघालो. बारा गडी होते, खांदे बदलत होते, कुठे थांबायचं काम पडलं नाही. ओढ्याच्या दगडांवरही नाही. रस्त्याच्या कडेला तिरडी टेकवली. घाटातून एक ट्रक उतरत होता, त्याने वेग कमी केला, ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि तो पोलादपूरकडे निघून गेला. तो गेला त्या वाटेकडे सगळे बघत राहिले. मी घड्याळ बघितलं. मग तिरडी उचलून आम्ही वर आलो आणि त्याला अग्नी दिला.

संध्याकाळी मी येसूबाईच्या दारात गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. कुबडी शेजारी भिंतीला टेकवलेली.

"रस्त्यापातूर किती येळ लागला?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "वयनी, एक तास धा मिनटं."